बाल्कनीचं वजन

माझ्या हातून आजवर एकही काम बिघडलेलं नाही! बिघडलेली जी कामं तुमच्या कानावर आली असतील, ती बायकोनं सांगितलेली असणार.

परवा खालच्या मजल्यावरचे इंजिनिअरकाका वर आले. निवृत्त झाले तरी त्यांच्यातला इंजिनिअर अजून रोज कामावर जातो. आमच्या बाल्कनीतल्या कुंड्यांचं काट्यावर वजन करून त्यांनी कपाळाला हात लावला.

"एवढी ओली माती! ही बाल्कनी कोसळली तर थेट माझ्या डोक्यावर! रविवारी येऊन पुन्हा वजन करतो. निम्म्यावर आलं नसेल, तर सगळ्या कुंड्या भंगारात!"

बायकोचा चेहरा पाहवेना. तिच्या टोमॅटोला नुकती फुलं आली होती. सकाळी चहा घेताना ती त्या रोपांशी बोलते. चहा संपला की मग माझ्याशी. खरंच वाईट वाटलं मला.

"अगं, काळजी कसली करतेस? काकांनी फुंकर मारली तर उडतील, अशा हलक्या करतो कुंड्या!"

"त्याचीच तर काळजी वाटते," ती म्हणाली.

रोपवाटिकेतून कोकोपीटच्या विटा आणल्या. म्हणजे नारळाच्या काथ्याचा दाबून बसवलेला भुसा. शिवाय परलाइटचं पोतं. हा भट्टीत फुगवलेला दगड. थर्माकोलच्या मण्यांसारखे पांढरे दाणे! मातीत मिसळले की माती हलकी होते, मुळांना हवा मिळते.

"थोडंच घाला हं," रोपवाटिकावाला बजावून म्हणाला. पण थोडं घालणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही.

सगळ्या विटा एकदम टबात भिजत घातल्या आणि पेपर वाचत बसलो.

"अहो!" बायकोची किंकाळी आली. "बाथरूममध्ये पाय ठेवायला जागा नाही! हे अजून वाढतंय!"

दोघांनी मिळून तो डोंगर उपसला. जुनी माती जवळजवळ सगळी काढली, कोकोपीट भरलं, रोपं पुन्हा लावली आणि वर अगदी काठोकाठ परलाइट! कुंडी एका हातानं उचलून मी बायकोला दाखवली. ती चक्क हसली.

रविवारी सकाळी काका यायच्या आत कुंड्या टवटवीत दिसाव्यात, म्हणून मी नळाला पाइप लावून जोरात पाणी सोडलं. परलाइट पाण्यावर तरंगतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! सगळे दाणे काठावरून वाहिले, बाल्कनीतलं पाणी जायच्या पाइपातून निघाले आणि खालच्या बाल्कनीत पेपर वाचणाऱ्या काकांवर बरसले.

"प्लास्टर!" खालून आरोळी आली. "छताचं प्लास्टर पडतंय! वरची बाल्कनी आली! सगळे बाहेर पळा!"

अख्खी इमारत रस्त्यावर! अर्धी दाढी केलेले दातांचे डॉक्टर, तपासायच्या उत्तरपत्रिका छातीशी धरलेल्या बाई, डोक्यावर उशी घेतलेले काका. आणि सगळ्यांच्या पुढे मी! इतका अनुभवी माणूस ओरडतोय म्हटल्यावर पळायला नको?

बायको मात्र जागची हलली नव्हती. तिनं नळ बंद केला आणि कठड्यावरून वाकून म्हणाली, "अहो, परत या! परलाइट आहे ते!"

काकांनी खांद्यावरचा एक दाणा उचलला, चिमटीत चुरडला आणि वजनकाटा घेऊन वर आले. एकेक कुंडी काट्यावर चढली. बायकोनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"निम्म्याहूनही कमी!" काका म्हणाले. "पास!"

बायकोच्या डोळ्यांत पाणीच आलं. मी कॉलर ताठ केली.

"आता तुम्ही उभे राहा जरा," काका मला म्हणाले.

मी ऐटीत काट्यावर चढलो. काकांनी आकडा पाहिला, खालची फरशी पाहिली, पुन्हा आकडा पाहिला.

"सूनबाई, कुंड्या राहू द्या. यांना तेवढं आत घ्या."

बायकोनं क्षणभरही विचार केला नाही हो! आता टोमॅटो लालबुंद झालेत. खिडकीतून छान दिसतात.