पिसाला मंजुरी

परवाना कार्यालयातल्या हेडक्लार्कच्या बायकोच्या मानेवरून पीस फिरवण्याचा विषय गेले कित्येक शनिवार प्रलंबित होता.

पार्श्वभूमी अशी. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, शनिवारी दुपारी खालची यंत्रं बंद असताना, एक मंडळ जमायचं. सगळी पोक्त, संसारी माणसं. डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यायची आणि आपल्या माणसाने पीस, बर्फ, मखमल नाहीतर लाकडी कंगवा हळूच अंगावरून फिरवायचा; आता काय येणार हे ठाऊक नसल्याची मजा घ्यायची, एवढाच त्यांचा शौक. मंडळ सुरू केलं बेकरीवाल्या मावशींनी. त्यांचा नियम साधा होता. आधी विचारायचं, 'हो' आल्याशिवाय हात पुढे करायचा नाही आणि समोरच्याने 'लाल' म्हटलं की जिथल्या तिथे थांबायचं. तो मोडावा असं कधी कुणाच्या मनातही आलं नाही.

हेडक्लार्कला इथे बायकोने ओढून आणलं होतं. ती फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करायची. तिच्या स्वतःच्या खांद्याला मात्र पर्सच्या पट्ट्याखेरीज कुणी शिवत नव्हतं. "मला पूर्वीसारखं खुदकन हसू येईल असं काहीतरी कर की रे," ती म्हणाली होती. ते हसू हेडक्लार्कला चांगलं आठवत होतं आणि ते परत ऐकावं म्हणून तो जिवाचं रान करायला तयार होता. दुर्दैव एवढंच की जिवाचं रान करण्याची त्याला एकच पद्धत येत होती.

पहिल्याच शनिवारी घोटाळा झाला. टेलरने आपल्या बायकोला रीतसर विचारून मानेकडे पीस नेलं आणि पंख्याच्या वाऱ्याने ते कानाला लागलं. ती हसली, सगळे हसले. हेडक्लार्क हसला नाही.

"परवानगी मानेची होती," तो म्हणाला. "कान हे वेगळं कार्यक्षेत्र आहे."

"अहो, पण तिला चाललं ना?" मावशी म्हणाल्या.

"आज चाललं. उद्याचं काय?"

'उद्याचं काय' या प्रश्नाला कुठल्याच मंडळाकडे उत्तर नसतं. हेडक्लार्कला एकमताने चिटणीस करण्यात आलं.

मग कामाला शिस्त लागली. मान, कान, तळवा आणि पोटरी यांच्या हद्दी ठरल्या. कोंबडीचं पीस आणि मोराचं पीस एकाच मंजुरीत बसतात का, हे पाहायला उपसमिती नेमली गेली. फोटोग्राफरने बायकोच्या तळहातावर बर्फ ठेवायची परवानगी मागितली. ती मिळेपर्यंत वाटीत पाणी उरलं होतं. परवानगी बर्फाची असल्यामुळे पाण्यासाठी नव्याने प्रस्ताव मांडावा लागला, आणि तो मंजूर होईतो वाटी कोरडी झाली. गुदगुल्या झाल्यावर माणूस हसतो ते संमतीदर्शक की निषेधात्मक, यावर तर दोन गट पडले आणि चहासुद्धा वेगवेगळ्या टेबलांवर पिऊ लागले. अंगावरून काही फिरवणं हळूहळू बंदच पडलं. पण मंडळ कधी नव्हे एवढं सुरक्षित झालं आहे, असं चिटणीसांनी अभिमानाने सांगितलं आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

"आज झालं तर झालं," एका शनिवारी जिना चढताना हेडक्लार्कची बायको म्हणाली. "नाहीतर पुढच्या शनिवारपासून मी ताईकडे जाणार पत्ते खेळायला. ती निदान पान तरी टाकते."

खिशातलं पांढरं पीस हेडक्लार्कने पुन्हा एकदा चाचपून पाहिलं.

बायको खुर्चीत बसली, डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली आणि केस वर घेतले. प्रस्ताव मांडला गेला. टेलरने विचारलं, मान केसांच्या रेषेपासून मोजायची की कॉलरपासून? त्यावर चर्चा झाली. लाभार्थी चिटणीसांच्या पत्नी असल्याने हितसंबंधांचा मुद्दा निघाला, म्हणून चिटणीसांनी सभेची सूत्रं मावशींना दिली. मावशींना डुलकी लागली होती. त्यांना उठवण्यात आलं. फोटोग्राफर पाणी प्यायला खाली गेल्याने गणपूर्ती मोडली, तेव्हा त्याला जिन्यातूनच मत द्यायची मुभा दिली गेली.

"सर्वांना मान्य?" मावशींनी विचारलं.

"होऽऽ!" खोली दुमदुमली. जिन्यातूनही हो आलं.

"मंजूर!" हेडक्लार्कने जाहीर केलं. पीस घेऊन तो खुर्चीमागे गेला.

"लाल," बायको म्हणाली.

"अगं, अजून लावलंच नाहीये."

"माहितेय. लाल."

तिने पट्टी वर सरकवली. "टेलरभाऊंनी हो म्हटलं. मावशींनी झोपेतून उठून हो म्हटलं. जिन्यात पाणी पिणाऱ्या माणसानेसुद्धा हो म्हटलं. मान कुणाची आहे?"

"संबंधित व्यक्तीला विचारण्याची तरतूद..." हेडक्लार्कने सुरुवात केली आणि तो मध्येच थांबला. कार्यालयात त्याच्या टेबलासमोरच्या बाकावर वर्षानुवर्षं बसलेली माणसं त्याला एकदम आठवली. त्याला मनापासून लाज वाटली. तो खुर्चीशेजारी उकिडवा बसला.

"चुकलंच माझं. मानेवरून पीस फिरवू का गं?"

तिने पट्टी खाली ओढली.

"फिरव. पण हे सगळे टक लावून बघतायत, ते मला नकोय."

खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. टेलर, त्याची बायको, मावशी, जिन्यातून धापा टाकत आलेला फोटोग्राफर आणि त्याची बायको, सगळ्यांनी भिंतीकडे तोंडं केली. प्रस्ताव नाही, अनुमोदन नाही, उपसमिती नाही. ही गोष्ट सांगणाऱ्यानेही पाठ फिरवली, त्यामुळे पुढे काय झालं ते त्याने पाहिलेलं नाही. त्याला फक्त एक खुदकन हसणं ऐकू आलं.

राहता राहिलात तुम्ही. मघापासून मान लांब करून इकडेच बघताय. तिला विचारलंत?