मळखाऊ गालिचा

मुलांनो, आधी माफी मागतो. सांगणाऱ्याची शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होणारच. शब्दही साधेच आहेत, घरात रोज वापरतो ते. चुकले असेल तिथे पेन्सिलीने खूण करा, पण गोष्ट मधेच सोडू नका. आणि तुमच्या बाईंना दाखवू नका म्हणजे झाले.

तर एका जंगलात एक गालिचा होता.

जंगलात झाडे होती, नदी होती, सिंह तर होताच. पण पाहुणा आला की तिथले प्राणी त्याला आधी गालिचा दाखवत. टेकडीवर दरबार भरे, आणि दरबारात हा गालिचा पसरलेला असे. रंग तपकिरी. त्याला जंगलात 'राजतपकिरी' म्हणत.

हा गालिचा सिंहमहाराजांच्या आजोबांनी घेतला होता. एक व्यापारी उंट तो पाठीवर टाकून आला होता. आजोबांनी विचारले, "टिकेल का?" उंट म्हणाला, "महाराज, एकदम मळखाऊ आहे." उंटाला गालिचा विकायचा होता आणि पुढच्या गावी जायचे होते.

आता तुमची आई चादर घेताना दुकानदाराला 'मळखाऊ रंग दाखवा' म्हणते. तिचे म्हणणे एवढेच असते, की मळली तरी दिसू नये. पण जंगलात दुकाने नव्हती. आजोबांनी दरबाराला सांगितले, की हा गालिचा मळ खातो.

आणि जो खातो, त्याला खायला घालावे लागते.

मग रीतच पडली. दरबारात येणारा प्रत्येक प्राणी वाटेत डबके शोधी, पाय नीट बुडवी आणि गालिच्याला चारी पाय भक्तीने पुसून मगच बसे. म्हशी तर चिखलातून थेट येत. त्यांचा मान मोठा. एखाद्याचे पाय कोरडे दिसले तर लोक कुजबुजत, की बघा, गालिच्याला उपाशी मारायला निघालाय. हे तीन पिढ्या चालले. गालिचा एवढा जाड झाला, की त्यावर एका कोपऱ्यात हरभरा उगवला. तो प्रसाद म्हणून वाटला गेला.

हा गालिचा दरबाराआधी पसरायचे आणि दरबारानंतर गुंडाळायचे काम सोपान मुंगसाकडे होते. नाकाने ढकलत, छातीने रेटत तो हे काम करी. काम मन लावून करी. मुंगूस तरणाबांड होता, सरळ होता, आणि भिवबा मुंगसाच्या मुलीवर, केवडावर, त्याचा जीव होता. केवडाचाही त्याच्यावर होता. अडचण फक्त भिवबांची होती.

भिवबांनी त्याला बिळाच्या तोंडाशीच बसवून स्पष्ट सांगितले. "हे बघ सोपान, गालिचा उचलणारे ढिगानं मिळतात. मला जावई गालिच्यावर बसणारा हवा."

"मी महाराजांकडे जागा मागतो, मामा."

"मागून जागा मिळत असती तर मी या बिळात बसलो असतो का?"

केवडा आतून म्हणाली, "बाबा, पण तो तिथं बसून करणार काय?"

"बसणाऱ्याला काही करावं लागत नाही, पोरी. म्हणून तर बसतात."

सोपान घरी गेला आणि विचार करू लागला. जागा कशी मिळते, हे त्याला कुणी शिकवले नव्हते. त्याला वाटायचे, चांगले काम केले की मिळते. मुलांनो, हसू नका. तो खरोखरच तरुण होता.

त्याच सुमारास श्रावण लागला. महाराजांनी महिनाभर मांस सोडल्याचे जाहीर केले. आता ते फक्त केळी खाणार होते. सगळ्या जंगलाने त्यांचा जयजयकार केला. हरणांनी जरा जास्तच केला.

पण दरबारात एक त्रास होता. गालिच्यातली धूळ. कुणी बसले की ढग उठे, कुणी उठले की दुसरा ढग. हत्ती शिंकला की मागच्या रांगेतले उंदीर उडून जात. एकदा तर महाराज एका सशाला 'शिक्षा माफ' म्हणणार होते. 'शिक्षा' म्हणून झाले आणि शिंक आली. ससा पुन्हा कुणाला दिसला नाही. त्या दिवशी महाराज नाक पुसत वैतागून म्हणाले, "कुणीतरी काहीतरी करा रे."

असे राजे रोजच म्हणतात. ते ऐकून काही करायचे नसते. सोपानला हे ठाऊक नव्हते.

मोठ्या दरबाराला चार-सहा दिवस होते. सोपानने गालिचा गुंडाळला आणि टेकडीवरून खाली ढकलून दिला. तो गडगडत नदीकाठी जाऊन थांबला. केवडाही आली. दोघांनी तो कातळावर उलटा घातला आणि काठ्यांनी झोडपला. एवढी माती निघाली, की नदीकाठी एक नवा उंचवटा झाला. मग रिठे फोडून भिजत घातले, त्यांचा फेस केला आणि लवीच्या दिशेने हळूहळू चोळला. उलट चोळले की लव उभी राहते, हे केवडाने आपल्या शेपटीवरून ओळखले.

पाणी आधी काळे वाहिले. मग तपकिरी. मग चहासारखे. आणि मग सोपान ओरडला, "केवडा, रंग गेला."

गालिचा पांढरा पडत चालला होता. राजतपकिरी रंग त्याने नदीत घालवला होता.

केवडाने कोपरा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "रंग कसला जातोय? हे सगळ्यांच्या आजोबा-पणजोबांचे पाय चाललेत वाहून. गालिचा मुळात पांढराच आहे."

खरेच होते. पांढराशुभ्र, कडेने बारीक निळी वेल. पाणी निथळावे म्हणून त्यांनी तो घट्ट गुंडाळून पिळला आणि कातळावर पसरला. श्रावणातले ऊन ते. घटकाभर पडायचे, पुन्हा सर यायची. सर आली की दोघे गालिचा कपारीत ओढत, गेली की बाहेर काढत. शेवटी वाळला. दोन रानडुकरांना कंदांचे जेवण कबूल करून सोपानने तो वर नेला आणि दरबारात पसरला. मग एका बाजूला उभा राहिला. जागा बहुधा उजवीकडे मिळेल, असे त्याला वाटत होते. तिथे वारा चांगला येई.

मोठा दरबार भरू लागला.

सगळ्यात आधी अस्वल आले. ते जंगलाच्या मधाच्या कोठाराचे राखणदार होते. यंदा मधमाश्या रुसल्या, कोठार रिकामे आहे, असे त्यांनी कालच सांगितले होते. त्यांनी रीतीप्रमाणे डबक्यात बुडवलेले पाऊल टाकले, पण गालिच्यावर चिखलाबरोबर सोनेरी, चिकट ठसा उमटला. दुसरे पाऊल टाकले, दुसरा उमटला. मुंग्यांनी रांग धरली.

मग बगळा आला. तो महिनाभर नदीत एका पायावर उभा राहून ध्यान करत होता. त्या एका पायाला माशाचे खवले चिकटले होते. पांढऱ्यावर ते छान चमकत होते.

सगळे एकमेकांच्या पायांकडे बघू लागले. आजवर कोण कुठून चालत आला हे गालिच्याने कधी सांगितले नव्हते.

तेवढ्यात हरिणी आली. तिचे पाडस दोन दिवसांपासून सापडत नव्हते. तिला महाराजांपुढे गाऱ्हाणे घालायचे होते. ती मधोमध उभी राहिली.

आणि मागच्या गुहेतून महाराज आले. नुकतेच उठले होते, जांभई देत होते. गालिचा पांढरा झालाय हे त्यांच्या लक्षातच आले नाही. चालत ते हरिणीसमोर आले, आणि आशीर्वादासाठी पंजा उचलला.

हरिणी म्हणाली, "महाराज, माझं पाडस..." आणि तिची नजर खाली गेली.

पंजा उचलला होता तिथे लाल ठसा होता. ओला. गुहेपासून तिथपर्यंत पुसट लाल पावले आली होती, पण हा शेवटचा अगदी स्वच्छ उमटला होता, बोटे मोजता येतील असा.

हरिणीने वाक्य पुरे केले नाही.

महाराजांचे प्रधान म्हणजे तरस. तरस हसत उठले. ते नेहमीच हसत उठत. त्यांनी सोपानला पुढे बोलावले.

"गालिचा तू धुतलास?"

"हो, प्रधानजी."

"धुण्याआधी यावर डाग होता?"

"दिसत नव्हता, प्रधानजी."

"विचारलं तेवढं सांग. कुणाला दिसला होता?"

"नाही."

"आणि धुतल्यावर?"

सोपानने ठशाकडे पाहिले. तरसांनी दरबाराकडे वळून हात पसरले. मग एक चौकशी समिती नेमली गेली. तीत अस्वल होते, बगळा होता, आणि निःपक्षपातीपणासाठी एक म्हैस होती. समितीने निष्कर्ष काढला, की ज्याअर्थी तीन पिढ्या न धुतलेल्या गालिच्यावर एकही डाग पडला नव्हता आणि एकदा धुताच इतके पडले, त्याअर्थी डाग धुण्यामुळे पडतात. लाल ठसा म्हणजे वेलीचा उतरलेला रंग. वेल निळी होती, पण समितीला बारकाव्यात शिरायचे नव्हते.

लगेच हुकूम निघाला, की जंगलात यापुढे कुणी काही धुवायचे नाही. पिल्लांना फार आनंद झाला.

दुपारपर्यंत सगळ्यांनी गालिच्याला पाय पुसायला सुरुवात केली. एवढ्या उत्साहाने कधीच पुसले नव्हते. मध झाकला गेला, खवले झाकले गेले, गुहेकडची पुसट पावलेही झाकली गेली. उरला तो मधला लाल ठसा. त्यावर कुणी चिखल घालेना. कारण जंगलाचा जुना कायदा होता, की राजाच्या पावलावर पाऊल ठेवणे हा गुन्हा. शिक्षा फारच वाईट होती.

सोपान भिवबांच्या बिळात जाऊन पडला. आता आपले काही खरे नाही, हे त्याला कळले होते. केवडा शेजारी बसली होती. भिवबा दोघांशी बोलत नव्हते.

दिवस कलता कलता बाहेर हसू ऐकू आले. तरस आले होते. भिवबांनी धावत जाऊन पान अंथरले.

"सोपानराव," तरस म्हणाले. सोपानला आजवर कुणी राव म्हटले नव्हते. "तुम्हाला गालिच्यावर जागा हवी होती म्हणे. महाराजांनी दिली."

"कुठे?"

"मधोमध."

सोपान उठून बसला. तरसांनी समजावले, की पावलावर पाऊल ठेवता येत नाही, पण कायद्यात बसण्याबद्दल काही म्हटलेले नाही. पाय पोटाशी घ्यायचे, शेपटी सभोवार पसरायची. मुंगसाची शेपटी चांगली झुपकेदार असते. आणि बसण्याआधी दरबाराला एवढेच सांगायचे, की डाग माझ्या धुण्यामुळे पडले.

"किती वेळ बसायचं?"

"दरबार असेल तोवर."

"आणि नसेल तेव्हा?"

"तेव्हा तर लोक जास्तच बघायला येतात," तरस म्हणाले आणि हसत निघून गेले.

भिवबांनी शेजारपाजारी अंडी वाटली. जावई मधोमध बसणार, महाराजांच्या समोर, असे ते प्रत्येक बिळाशी थांबून सांगत होते. आल्यावर मुहूर्ताचेच बोलू लागले.

केवडाने सोपानला विचारले, "सप्तपदीला उठशील कसा?"

सोपानला हे सुचले नव्हते. भिवबांना मात्र लगेच सुचले. लग्न गालिच्यावरच लावायचे. नवरदेव बसलेला, नवरी त्याच्याभोवती फिरेल. असा मान कुणाला मिळालाय?

"त्या डागाभोवती मी सात पावलं टाकायची नाही," केवडा म्हणाली. "सोपान, ते पाडस नदीवर आपल्याला रोज दिसायचं. गालिचा वाळत होता तेव्हा त्याने वेल हुंगली होती. विसरलास?"

सोपान म्हणाला की विसरला नाही. मग म्हणाला, की एकदा जागा पक्की झाली, की आतून काहीतरी करता येईल. केवडाने त्याच्याकडे पाहिले आणि ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपान सगळ्यांच्या आधी दरबारात गेला. काय बोलायचे ते दोनदा घोकले. दरबार भरल्यावर ते बोलला, गालिच्याच्या मधोमध गेला, पाय पोटाशी घेतले आणि बसला. जागा खरोखर चांगली होती. मऊ होती.

हरिणी पुन्हा आली होती. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सोपान," ती म्हणाली, "जरा सरकतोस का?"

सोपानने महाराजांकडे पाहिले. महाराज केळे सोलत होते.

सोपानने शेपटी आणखी थोडी पसरली.

तात्पर्य : डाग धुऊ नयेत. धुणाऱ्याला फक्त श्रम पडतात. डागावर नीट मांडी घालून बसणाऱ्याला समाजात कायमची जागा मिळते. तेव्हा मुलांनो, बाहेरून आल्यावर पाय धुण्याची घाई करू नका. आधी घरात कोण कुठे बसले आहे, ते पाहून घ्या.