गुलाबी बेट

सात वर्षांपूर्वी, मी एकसष्ट वर्षांची अल्लड मुलगी असताना, एका इंजिनियरच्या नकाशात गुलाबी रंग भरला. वर कमळंही काढली. नकाशा कागदावर असता तर खोडता आला असता. तो शारजात, अल नहदाला, आमच्या बिल्डिंगसमोरच्या डांबरी रस्त्यावर होता.

नकाशा केळुसकरांचा. ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. गळ्यात कायम स्टॉपवॉच. दोन दिव्यांच्या खांबांमधलं अंतर त्यांनी टेपने मोजून ठेवलं होतं आणि मधून जो जाईल त्याचा वेग ते जाहीर करत. "पांढरी गाडी, एकाहत्तर! बोर्ड चाळीसचा!" मग डिलिव्हरीवाला, मग मांजर, मग मी. "वहिनी, आज ताशी तीन. परवा साडेतीन होतात. गुडघा का?" लिफ्टमध्ये भेटले तर लिफ्टचा वेग सांगत. जिन्याने जायची सवय मला त्यांनीच लावली.

तीस वर्षं त्यांनी एका कंपनीत हायवे आखले होते. "आयुष्यभर गाड्या पळवल्या, वहिनी. आता चार थांबवून जातो."

"मग मोठ्ठी पाटी लावा की!"

"पाटी कोण वाचतं? ड्रायव्हर रस्ता वाचतो. रुंद, सरळ दिसला की तो म्हणतो, पळ. अरुंद झाला की पाय आपोआप ब्रेकवर." हे मला इतकं पाठ झालं होतं की वाक्य सुरू झालं की मी आमटीला फोडणी घालून परत येत असे.

संध्याकाळी ते आणि त्यांची बायको शैला समोरच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, दूध आणायला निघत. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून शैलाचा डावा पाय ओढायचा. अर्ध्या रस्त्यात पोचेपर्यंत गाडी यायची, हॉर्न वाजायचा आणि केळुसकर हात वर करून गाडीसमोर उभे राहायचे. मी बाल्कनीतून हसायचे. जगाचा वेग सांगणारा हा माणूस बायकोचा मात्र कधी सांगत नाही, हे मी हेरलं होतं. मला वाटायचं, घाबरत असेल तिला. तेव्हा मी फार हुशार होते.

मग कळलं, रस्ता उखडून नवा करणार. केळुसकर पत्रं लिहीत सुटले. मागणी एकच: मधोमध एक बेट. दोन खाटा मावतील एवढं. अर्धा रस्ता ओलांडून माणसाला श्वास घेता यावा, आणि दोन्ही बाजूंना रस्ता अरुंद व्हावा. उत्तर यायचं, "इन्शाल्ला." शेवटी एक तरुण इंजिनियर शनिवारी दहा वाजता बघायला यायला कबूल झाला. कागदावर कुणाला दिसत नाही म्हणून केळुसकरांनी त्या सकाळी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, पांढऱ्या पावडरीने बेट जमिनीवरच आखलं आणि ते आंघोळीला गेले.

दिवाळीचा आठवडा होता. मी खाली उतरते तर पांढऱ्या रेघा आणि आत सगळं मोकळं! अर्धी रांगोळी टाकून गेली बिचारी कुणीतरी! मी रंगाचे डबे आणले आणि बसले फतकल मारून.

नात मागे उभी. "आजी, दॅट्स अ रोड!"

"दिवाळीत सगळं अंगणच असतं," मी म्हटलं.

केळुसकर खाली आले आणि माझ्या कमळांमध्ये आपल्या रेघा शोधू लागले. "कशी झालीय?" मी विचारलं. तेवढ्यात एक गाडी आली आणि हळू झाली. मग दुसरी. रांगोळीवर चाक घालायला कुणाचा जीव होईना. पठाण टॅक्सीवालासुद्धा कडेकडेने, बाळंतिणीच्या खोलीबाहेरून जावं तसा गेला. केळुसकरांनी स्टॉपवॉच दाबलं. "बारा! वहिनी, ताशी बारा!" त्या माणसाला मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

दहाला इंजिनियर आला. उतरलाच नाही. काच खाली केली. "अंकल, डेकोरेशन अच्छा है. लेकिन पब्लिक रोड पे नहीं चलेगा. धुलवा दीजिए."

"बेटा, उसके नीचे आयलंड है. रंग मत देखो, लाइन देखो."

"हॅपी दिवाली, अंकल. यल्ला, चलते हैं." काच वर. खलास.

वॉचमनने पाइप लावला. गुलाबी पाणी बराच वेळ गटाराकडे जात होतं. केळुसकर स्टॉपवॉच हातात घेऊन बघत होते. त्याचा वेग त्यांनी सांगितला नाही.

रस्ता झाला. रुंद, सरळ, काळाभोर. ड्रायव्हर तो अगदी बरोबर वाचतात. शैलाचं खाली उतरणं बंद झालं. केळुसकरांनी स्टॉपवॉच माझ्या नातीला देऊन टाकलं.

एका संध्याकाळी चकल्यांचा डबा घेऊन मी शैलाकडे गेले. ती खिडकीत बसली होती. खाली केळुसकर दुधाची पिशवी घेऊन पलीकडच्या कडेला उभे. गाड्या संपतच नव्हत्या.

"शैला, माझ्यामुळे झालं गं हे," मी म्हटलं.

खिडकीतून नजर न काढता ती म्हणाली, "ताई, झटका आल्यापासून ह्यांनी मला एकदाही 'लवकर चल' म्हटलं नाही. रस्त्यालाच सांगत बसले, हळू जा म्हणून."