घड्याळजींच्या खणाचं कुलूप

"माझ्या नजरेतून सुटेल असा माणूस अजून जन्मायचाय, आणि तो जन्मला तर सुइणीच्या आधी मला कळेल." भावजी खाजगी गुप्तहेर आहेत आणि स्वतःची ओळख अशी करून देतात. कार्डावर हे मावलं नाही, म्हणून त्यांनी ते मागच्या बाजूला चालू ठेवलंय. मी त्यांच्या बायकोचा भाऊ, म्हणून मदतनीस. या नोकरीत राजीनाम्याची सोय नाही.

भावजींची एक वही आहे. ओळखीच्या प्रत्येकाला तिच्यात विश्वासाचे दहापैकी गुण दिलेले असतात. सख्ख्या आईला साडेसहा. माझे किती, हे त्यांनी कधी दाखवलेलं नाही.

त्या दिवशी धाकटे घड्याळजी आले. वय साठ, पण भागीदार त्याहून मोठे, म्हणून हे धाकटे.

"तीस वर्षं आम्ही एका दुकानात पाठीला पाठ लावून बसतोय," ते म्हणाले. "सोमवारी थोरल्यांनी टेबलाच्या खणाला कुलूप घातलं. माझ्यापासून लपवण्यासारखं काय आहे हो? उद्या सुताराला बोलावलंय. मधे फळ्या ठोकतो आणि दुकान वेगळं करतो."

"त्यांना विचारलंत?" मी म्हणालो.

"विचारलं तर संशय घेतल्यासारखं होईल."

फळ्या ठोकल्यावर तसं होत नसावं.

थोरले जेवायला घरी गेल्यावर भावजी त्यांच्या खुर्चीत बसले. त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली, ती घरंगळत मांडीवर आली. पुन्हा ठेवली, पुन्हा आली. वहीत नोंद झाली: 'टेबल अस्वस्थ आहे.'

"खणात प्रेमपत्रं असणार," भावजी म्हणाले.

"ते अडुसष्ट वर्षांचे आहेत."

"मग तर कुलूप हवंच."

अर्ध्या तासात प्रेमपत्रांचा कट झाला आणि कटाची टोळी. निघताना भावजींनी टेबलाभोवती पावडर भुरभुरवली. सकाळी तिच्यात ठसे सापडले. भावजींनी गुडघे टेकून ते मोजले.

"गुन्हेगार माझ्याच मापाचे बूट घालतो," ते गंभीरपणे म्हणाले.

तेवढ्यात सुतार फळ्या घेऊन आला. पाठोपाठ थोरले आले, जरा लंगडत.

"फळ्या कशाला रे?" त्यांनी विचारलं.

धाकटे हातातल्या घड्याळाकडे बघत राहिले.

फरशी पुसणाऱ्या मावशींना मात्र पावडरीचा राग आला होता. "हा पसारा त्या कुलपापायी का? अहो, उजेडासाठी टेबल खिडकीखाली सरकवलं ना, तिथे फरशीला उतार आहे. माझं बादलीतलं पाणीसुद्धा तिकडेच पळतं. खण आपोआप बाहेर येतो आणि यांच्या गुडघ्यावर आदळतो. मीच म्हटलं, कुलूप घाला."

"आणि किल्ली?" भावजींनी डोळे बारीक केले.

थोरल्यांनी बोट दाखवलं. धाकट्यांच्याच टेबलामागे, घड्याळांच्या चाव्यांच्या खिळ्यावर ती लटकत होती.

"तुला लागली तर असावी, म्हणून तुझ्या बाजूला लावली."

"सांगायचं तरी."

"विचारशील असं वाटलं. गुडघा एवढा सुजलाय, तोही कुठे विचारलास?"

धाकट्यांनी किल्ली काढली, खण उघडला. आत स्प्रिंगा, चिमटे आणि मलमाची डबी. डबी थोरल्यांच्या हातात देऊन ते खाली वाकले आणि टेबलाचा पाय चाचपू लागले.

"सुतारभाऊ," ते खालूनच म्हणाले, "फळ्या आणल्याच आहेत, तर एक पाचर काढून द्या."

पाचर बसली आणि कुलूप बिनकामाचं झालं. भावजींनी ते मानधन म्हणून मागून घेतलं आणि घरी येऊन वहीच्या पेटीला लावलं. किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली. मला क्षणभर भरून आलं.

"माझ्यावर एवढा विश्वास?"

"माझा खिसा फाटलाय," भावजी म्हणाले आणि झोपायला गेले.

मी पाच मिनिटं थांबलो, मग पेटी उघडली. माझ्या नावापुढे जुन्या, पुसट अक्षरात लिहिलं होतं: 'चार. किल्ली दिल्यास पाच मिनिटांत वही उघडेल.'

इतक्या वर्षांत भावजींचा बरोबर आलेला हा पहिला निष्कर्ष, आणि त्याबद्दल त्यांचं अभिनंदनही करता येत नाही.