इनास मेस्ताची नाताळातली भांडणं

गणपती बोळवले की इनास मेस्त भांडणं पेरायला लागायचा आणि नाताळच्या आदल्या दिवशी ती कापायचा.

हा आमचा शेजारी, होड्या दुरुस्त करणारा ख्रिस्ती सुतार. कुणाचा कोंबडा म्हणे मुद्दाम याच्या घराकडे तोंड करून आरवतो, कुणी याच्या कुंपणावर जाळं वाळत घातलं, कुणी याला बघून खोकलं. डिसेंबर लागेपर्यंत पाच-सहा घरांशी अबोला पक्का.

मग चोवीस तारखेला नवा कागदी तारा दारात टांगायचा, पाद्र्याकडे पापं कबूल करायची आणि स्वतः तळलेल्या नेवऱ्यांची ताटं घेऊन त्याच घरांत शिरायचं. "मनात राग ठेवन बाळ येशूफुडे कसो उभो रवतलंय?" एकदा माफी मागितली की दोन तास हलायचं नाव नाही. नेवऱ्या म्हणजे आमच्या करंज्याच, फक्त त्याच्या सगळ्या फुटलेल्या.

एका वर्षी आई पावसाळ्यापासून पार डिसेंबर लागेपर्यंत अंथरुणाला खिळली होती. तेव्हा इनास न सांगता रोज आमचं पाणी भरून द्यायचा. आमच्याशी भांडायला त्याला फुरसतच मिळाली नाही.

त्या चोवीस तारखेला तो ताट घेऊन आमच्या बेड्यासमोरून, म्हणजे कुंपणाच्या फाटकासमोरून, तीनदा गेला. आत काही आला नाही. मला हसू आलं. आई मात्र खिडकीत उभी राहून बघत होती.

"अवो, आपल्याशी भांडण नाय म्हणान तो भायर रवलो," ती बाबांना म्हणाली. "बायको गेली, भैण पोर्तुगीजांच्या गोव्यात, आणि हद्द बंद. सणाक तेणी जावचा खंय? भांडा तेच्याशी!"

बाबा म्हणजे गरीब गाय. घसा खाकरून बेड्याशी गेले.

"इनासा! माझ्या होडयेक लावलेली फळी वाकडी आसा!"

"वाकडी?" इनास खरोखरच पेटला. "तुझे डोळे वाकडे, दामू!"

बाबांना भांडता येत नव्हतं, म्हणून तेच तेच ओरडत राहिले. अखेर इनासने खिडकीतल्या आईकडे पाहिलं, बाहीने डोळे पुसले, बेडं ढकललं आणि ताट पुढे केलं. "माफ कर रे."

जेवूनच गेला. मी हसले होते त्याची मला अजून लाज वाटते.

निघताना बाबांचा हात धरून हळूच म्हणाला, "दामू, फुडच्या वर्सा भांडूक इसरू नको हां."