दातांची हजेरी

तुषार पांढरीपांडेचे आजोबा राजधानी हलली तेव्हा नागपूरहून सरकारी कपाटांबरोबर भोपाळला आले. कपाटं पुढे मोडीत निघाली, रजिस्टरवरची श्रद्धा मात्र घराण्यात टिकली. त्यामुळे पाच वर्षांची अमृता दात घासायला टाळाटाळ करते, अशी तक्रार बायकोने केली तेव्हा तुषारला उपाय शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्याने वॉशबेसिनशेजारी खिळा ठोकला आणि त्याला हजेरीपट लटकवला. सकाळ आणि रात्र असे दोन रकाने. ब्रश झाला की अमृताने रकान्यात एक फूल काढायचं. (तिला अजून लिहिता येत नव्हतं. तुषारच्या सरकारी ऑफिसातल्या बऱ्याच सह्या पाहता ही काही अडचण नव्हती.)

"अहो, त्यापेक्षा रोज तिच्याजवळ उभे राहा की," प्रतिभा म्हणाली.

"सिस्टिम बसली की माणूस उभा करावा लागत नाही. आणि दुधाचेच तर दात आहेत, पडायचेच आहेत."

"ठीक आहे. दातांचं खातं आजपासून तुमच्याकडे. कीड निघाली तर जवाहर चौकातली रविवारची पोहे-जिलबी बंद."

तुषारने हसत मान्य केलं. जिलबीइतक्या मनापासून आवडणाऱ्या गोष्टी त्याच्या आयुष्यात फार थोड्या होत्या. त्यातली एक अमृता होती.

सिस्टिम बसली. दोन महिने एक रकाना रिकामा नाही. दर रविवारी तुषार पानाच्या तळाशी सही करी. वर काय आहे ते वाचायची त्याला नोकरीत सवय लागली नव्हती, ती घरी कुठून लागणार?

बावीस तारखेला तिघं अरेरा कॉलोनीत दातांच्या डॉक्टर अलकांच्या दवाखान्यात गेले. तुषारने प्रश्न क्रमांक घालून लिहून आणले होते.

"पेस्ट किती घ्यावी?"

"मटरच्या दाण्याएवढी."

जाहिरातीतल्यासारखी पूर्ण ब्रशभर पेस्ट तो स्वतः लावून देत असे. त्याने गुपचूप पुढचा प्रश्न घेतला.

"मुलांना पहिल्यांदा कधी दाखवावं?"

"पहिल्या वाढदिवसापर्यंत."

म्हणजे चार वर्षं उशीर. ऑफिसच्या मानाने हे प्रकरण वेळेतच होतं.

"दुधाचे दात पडणारच, तर जपायचे कशाला?"

"मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. आणि दुखतात त्या आजच." डॉक्टरांनी अमृताच्या तोंडात आरसा फिरवला. "दोन दाढांना कीड आहे."

"शक्य नाही," तुषार म्हणाला. "रेकॉर्ड आहे." त्याने पिशवीतून हजेरीपट काढून समोर ठेवला.

डॉक्टरांनी पान शांतपणे वाचलं. बहुधा ते वाचणाऱ्या त्या पहिल्याच.

"आज तारीख किती?"

"बावीस."

"इथे तीस तारखेच्या रात्रीपर्यंत फुलं आहेत. खाली सही कोणाची?"

"माझी," तुषार म्हणाला.

"अमृता, ये कब बनाए बेटा?"

"एक तारखेला. सगळी एकदम," अमृता खुर्चीतून म्हणाली. तिच्या आवाजात लपवाछपवी अजिबात नव्हती. "बाबा पण ऑफिसात सोमवारीच आठवड्याच्या सगळ्या सह्या मारतो. त्याच्या ऑफिसातल्या कौस्तुभकाकांच्या पण. फोनवर सांगतो ना, टेन्शन मत ले, तेरी भी मार दी."

प्रतिभा भिंतीवरचं जबड्याचं चित्र बारकाईने पाहू लागली.

डॉक्टरांनी मशीन सुरू केलं. अमृताने तुषारचं बोट घट्ट धरलं, आणि मग मात्र त्याला मनापासून वाईट वाटलं. पोरीने दात घासण्यात चुकारपणा केला, तो त्याच्याकडूनच शिकून. दुखणं तेवढं तिच्या वाट्याला आलं होतं.

"सात-आठ वर्षांची होईपर्यंत ब्रश तुम्ही स्वतः करून द्यायचा," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. "दोन्ही वेळा. तिच्या हाताला अजून ते नीट जमत नाही."

"माझ्या गैरहजेरीत दुसऱ्या कोणाकडे..."

"गैरहजर राहायचं नाही."

तेव्हापासून तुषार ब्रश करून देतो, अमृता मोबाइलच्या उजेडात आरशात दाढा तपासते आणि मगच फूल काढते. ॲडव्हान्स फुलं बंद. दीड महिना झाला, तुषारचा एकही खाडा नाही. इतकी सलग हजेरी त्याच्या नोकरीत कधी लागलेली नव्हती.

परवाच्या रविवारी त्या बळावर त्याने रीतसर अर्ज लिहिला. विषय: जिलबी खाण्यास एक दिवसाची विशेष परवानगी मिळणेबाबत. प्रतिभाने तो न वाचताच परत केला. "दातांचं खातं आता अमृताकडे आहे," ती म्हणाली.

अमृताने अर्ज घेतला, उलटा धरून बराच वेळ पाहिला, घडी करून भातुकलीच्या डब्यात ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं. तुषार समोर उभाच होता.

"साहब सीट पे नहीं हैं," ती म्हणाली. "कल आना."