भाऊसाहेबांचं बिनबियांचं संत्रं

भाऊसाहेबांकडे संत्रं खायला जाताना आम्ही बिनखिशाचा सदरा घालायचो, कारण निघताना ते दारात खिसे तपासत. फळ नेलंत तर हरकत नव्हती, भीती काडीची होती. "एका डोळ्यावर बाग उभी राह्यते, बाप्पा!" म्हणजे काडीवरचा एक डोळा जंबेरी लिंबाच्या रोपावर बांधला की तेच झाड तयार.

अमरावतीत ते माझे शेजारी, निवृत्त मास्तर. मी नवखा वकील. त्यांच्या परसातल्या संत्र्यात बी नसे. वरूडचे बागवाले फोड चावत आणि थुंकायला काही न सापडल्यानं गोंधळत. भाऊसाहेब खूष. "पेटंट होऊ द्या, मंग बोला!" हे त्यांचं पालुपद. काकूंची भाजी फक्कड जमली तरी म्हणत, "हिचंबी पेटंट काढा!"

अकोल्याचे एक कापसाचे जिनवाले शेठ रोपवाटिकेत पैसा घालायला तयार झाले, पण आधी पेटंट हवं. "नाईतर वरूडवाला एक काडी नेईन, अन् माह्या पैशाचं काय?" बोलणं रोखठोक, पण बरोबर होतं. मी कलकत्त्याच्या पेटंट कचेरीत विचारणा केली. उत्तर आलं, पेटंट यंत्राला मिळतं, कृतीला मिळतं, झाडाला नाही. शेठ चहाही न घेता परतले.

"खिळ्याले पेटंट, अन् जित्या झाडाले कावून नाई?" भाऊसाहेब माझ्यावरच कडाडले. पैशाचं स्वप्न मोडलं, असं मी समजलो. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी बघतो तर परसात वरूडवाले जमलेले, आणि भाऊसाहेब स्वतः काड्या कापून ओल्या गोणपाटात गुंडाळून वाटताहेत!

"भाऊसाहेब, फुकट?"

"अट हाये. हे झाड मोरीपाशी उगवलं तवा रानटी म्हून मी कुऱ्हाड घेऊन गेल्तो. इनं तोडू देल्लं नाई. धुवनाचं पानी घालून वाढवलं. पेटंटात इचंच नाव टाकनार होतो. आता झाडाले द्या. गोदावरी संत्रं म्हना."

मी बघतच राहिलो. चारचौघांत बायकोचं नाव घेणारा पुरुष आमच्याकडे तेव्हा नव्हता. इतकी वर्षं शेजारी राहून काकूंचं नाव मला त्या दिवशी कळलं.

दाराआडून काकू कडाडल्या, "लोकायसमोर नाव कावून घेऊन राह्यले? लाज नाई वाटत?"

भाऊसाहेब कानापर्यंत लाल झाले, पण काडी सोडेनात. "पह्यले नाव म्हना."

"गोदावरी," एकजण म्हणाला. मग दुसरा, मग तिसरा.

दाराआडचं बोलणं केव्हाच थांबलं होतं.